रिकाम्या हातानं त्याच्याशी काय बोलायचं

आये, मला प्रार्थना करायला शिकवलं न्हाईस. धुणं शिकवलंस, इस्त्री शिकवलीस, फरशीच्या सांध्यातली घाण खराट्याच्या काडीनं काढायला शिकवलंस, पण देवाशी तोंडानं कसं बोलायचं ते न्हाई. आता म्हातारपणी त्याचा ताप मला, आन् तू कधीची मातीत निवांत पडलीस. बरी हाईस न्हवं, आये? मी बरी न्हाई. उजवा हात लकव्यानं गेला. हे डाव्यानं लिहितेय, एक ओळ होईस्तोवर कपातला चहा गार होतो. नातसून म्हणाली, सांगा, मी लिहून देते. म्हटलं, माझं माझ्या आयेशी भांडण हाय, तुझ्या हातानं कशाला भांडू.

तू माणदेशची, दुष्काळात सांगलीकडं आलेली, मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायला लागलेली. चुलीवर मोठं पातेलं, त्यात आजाऱ्यांच्या चादरी उकळतायत, आन् तू दांडक्यानं ढवळतीस. प्रार्थनेची घंटा होते. बाकीच्या बाया हात पुसून जातात, तू जात न्हाईस. मी विचारते, "आये, आपुन न्हाई जायाचं?" तू म्हणतीस, "मी हितंच हाय त्याच्यासंगं. ह्या चादरीवर उद्या प्रभूच निजणार हाय असं समजून पिळ. मग येगळी प्रार्थना कशाला?" एकदा मी डाग ठेवून चादर वाळत घातली. तू ती दोरीवरनं ओढून माझ्या अंगावर फेकलीस. मी म्हटलं, "सिस्टरला दिसायचा न्हाई तो डाग." तू म्हणालीस, "सिस्टरसाठी धुतीस व्हय गं?" तवापासून मी कुणा माणसासाठी काम केलं न्हाई.

लग्न होऊन साताऱ्यात आले, तवापासून आमच्या चर्चची झाडलोट, प्रभुभोजनाची भाकर ठेवायच्या टेबलावरची पांढरी चादर, द्राक्षरसाचे बारके काचेचे पेले, सगळं माझ्याकडं. मंडळी डोळे मिटून प्रार्थना करायची तवा मी मागच्या खोलीत पेले धूत असायची. कुणी नावं ठेवली तर म्हणायची, तुमची तोंडं चालू द्या, माझे हात चालतायत. लय ताठा होता मला. पण पेला उजेडात धरला आन् लख्ख दिसला की वाटायचं, पोचलं त्याला.

हात गेला तसं चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आजी, आता आराम करा, मुली करतील." भला माणूस हाय, नातवाच्या वयाचा. मग गेल्या रविवारी त्यानं मला मान द्यायचं ठरवलं. म्हणाला, "आज आपल्या मंडळीतल्या सर्वांत वडील आजी प्रार्थना करतील." सगळे उठले, माना खाली घातल्या. मी बाकाला धरून उभी. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेच्या वेळी माझ्या हातात काय न्हवतं. तोंड उघडलं, आन् निघालं काय, तर "टेबलावरची चादर वाकडी हाय."

सगळी मंडळी म्हणाली, "आमेन."

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. बाहेर पाळकसाहेबांनी माझा हात धरला, "फार छान प्रार्थना केलीत, आजी." म्हटलं, "साहेब, मी चादरीचंच बोलत होते." तर म्हणतो, "देवाला सगळं कळतं." कळत असंल, पण चादर वाकडीच राहिली.

घरी येऊन दार लावलं. गुडघे टेकता येत न्हाईत, म्हणून खाटेवर बसले आन् म्हटलं, प्रभू. पुढं काय? कुणाच्या दारात जावं आन् कशाला आलो तेच इसरावं, तसं झालं. रोज बसते, रोज तेच. आत भांडी घासल्याचा आवाज आला की भिंत धरून मोरीपाशी जाते. नातसुनेला म्हटलं, एक पातेलं दे, डाव्या हातानं घासते. तिनं हसून काढून घेतलं. "आजी, तुम्ही देवाचं नाव घ्या की निवांत." आता तिला कसं सांगू, पातेलंच दे बाई, त्याबिगर मला नाव घेता येत न्हाई.

आन् एक विचार येतो, तो कुणाला सांगितलेला न्हाई. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धुतलं, तो समोर होता का? का मी नुसतीच कापडं धुतली, आन् काम चोख झाल्याच्या आनंदालाच देव म्हणत बसले? तू होतीस तवा तुझ्या तोंडाकडं बघून खात्री वाटायची. आता तुझं तोंडबी नीट आठवत न्हाई. मरायचं भ्या न्हाई मला. भ्या ह्याचं, की तिथं गेल्यावर तो म्हणंल, तू कोण गं, तुझा आवाज मी कधी ऐकला न्हाई.

हे पत्र टपालात टाकायचं न्हाई, उशीखाली राहील. एक कबूल करते. डोळे मिटून रडत रडत प्रार्थना करणाऱ्या बायांची मी जन्मभर थट्टा केली, आन् जन्मभर मला त्यांचा हेवा वाटला.

तू उत्तर द्यायचं न्हाई, आये. तुझं उत्तर मला ठाऊक हाय, पिळ म्हणशील. त्याला सांग, पोरगी विचारतेय, तू समोर होतास का. उत्तर त्यानंच द्यायचं, आन् काम सांगून न्हाई, बोलून.