चिंगू आणि शेवंताची ताटातूट होऊ नये

मी, देविका कर्णिक, राहणार साउथहॅम्प्टन, निवृत्त भूलतज्ज्ञ, माझी शेवटची इच्छा या कागदावर लिहीत आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. कॅन्सर यकृतात आहे, डोक्यात नाही. शुद्ध राहावी म्हणून सकाळचं मॉर्फिन मुद्दाम लांबवलं आहे. कुणाची जबरदस्ती नाही.

१. चिंगू आणि शेवंता ही माझी दोन मार्मोसेट जातीची, खारीएवढी माकडं कायद्याने मालमत्ता ठरतात, म्हणून आधी त्यांचं. माझे दीर नंदू यांनी चिंगूला मुलीच्या वाढदिवसासाठी विकत घेतलं आणि वेम्बलीच्या फ्लॅटमध्ये पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवलं. ना ऊन, ना सोबत, खायला केक. हाडं मऊ पडून पाय वाकले, तेव्हा त्याला बुटाच्या खोक्यात घालून माझ्या दारी आले. "वहिनी, तुम्ही डॉक्टर आहात. बघा काय जमतंय." पुन्हा फिरकले नाहीत. भाऊजींना माझ्या घरातली एक वाटीसुद्धा देऊ नये.

२. व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, म्हणाली, या प्राण्याला एकटं ठेवणं हाच छळ. म्हणून रेस्क्यू सेंटरमधून शेवंता आणली. पुढे कायदा आला: घरी माकड ठेवायचं तर कौन्सिलचा परवाना हवा आणि व्यवस्था प्राणिसंग्रहालयाच्या तोडीची. मी बागेत उबदार खोली बांधली, उन्हासारखे दिवे लावले, बाहेर जाळी, चढायला खऱ्या फांद्या. तपासणीला आलेल्या बाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यामागे यांचं कोण?" परवाना मिळाला.

३. परवाना वारसाला देता येत नाही. माझी मैत्रीण ईशानी राजे, जिला मी या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवते, तिनेही अर्ज केला होता. पण घर भाड्याचं, मालक जाळी ठोकू देईना. सेंटरं भरलेली. कायदा लागताच लोकांनी आपापली माकडं तिथे नेऊन सोडली. एका सेंटरने दोघांना घ्यायचं कबूल केलंय, वसंतात. मी तोवर नाही.

४. माझा मुलगा देव एडिनबराला असतो. आजाराचं कळल्यावर फोनवर म्हणाला, "आई, त्यांना इंजेक्शन देऊन टाक ना. घर विकायला बरं पडेल."

"देव, मी आयुष्यभर माणसांना झोपवलं, ते पुन्हा उठवण्यासाठी."

त्याने फोन ठेवला. गेल्या आठवड्यात न सांगता आला. अंगातला कोटही न काढता जाळीपाशी बसून राहिला. शेवंता चिंगूच्या वाकड्या पायावरची लव विंचरत होती.

"चिंगूला मी दिसत नाही का गं?"

"दिसतं. माणसांकडे बघत नाही."

मग कोट काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मी राहतो इथे. ही दोघं सेंटरला जाईपर्यंत. लॅपटॉपवर काम होतं माझं."

"माझ्या ऑपरेशनला का नाही जमलं?"

तो त्यांचं पाणी बदलायला उठला. मी पुन्हा विचारलं नाही. घर देवला द्यावं. मधल्या काळासाठी कौन्सिलची लेखी परवानगी ईशानीने घ्यावी.

५. सेंटरने ऐनवेळी नाही म्हटलं, किंवा एकालाच घेतो म्हटलं, तर दोघांना घरीच, त्यांच्या झोपायच्या पेटीत, व्हेटने कायमचं झोपवावं. आधी कोण, असं कुणी विचारू नये. एकाच वेळी. भूल कशी द्यायची ते मी तिला समजावून ठेवलं आहे.

सही: देविका कर्णिक

देविकाताईंनी आम्हा दोघांसमोर सही केली. पेन त्यांनीच धरलं.

साक्षीदार: आश्लेषा गुप्ते, घरी येणारी नर्स
साक्षीदार: राजीव देवधर, शेजारी

साउथहॅम्प्टन, १९ नोव्हेंबर २०२६