हिरोची लाथ

३ सप्टेंबर

काम मिळालं! पिक्चरमध्ये! हिरोईनचं नाही – हिरोचं. म्हणजे हिरोच्या पायांचं. मराठी कराटे पिक्चर. हिरो दिपेश, कळव्यातल्या एका बिल्डरचा पुतण्या. पोरगा दिसायला छान, पण पाय कमरेच्या वर जात नाही. म्हणून किक मी मारायची, पाठमोरी, केस टोपीत कोंबून.

होकार का दिला ते लिहून ठेवते, नंतर स्वतःवर चिडायला नको. विठ्ठलवाडीला विहाराच्या हॉलमध्ये माझा कराटे क्लास. पोरं गळत चाललीयेत. कमिटीचे धम्मपाल काका म्हणाले, "मेघना, दिवाळीपर्यंत पोरं वाढव गं. झुंबावाल्या बाया हॉलसाठी मागे लागल्यात." दिग्दर्शक केदारने कबूल केलंय – एक शॉट समोरून, माझ्या चेहऱ्याचा. पोरांच्या आयांनी पडद्यावर बघितलं की क्लास वाचला!

९ सप्टेंबर

कळव्याचं बंद गोदाम. केदार डोंबिवलीचा, फिल्मचा कोर्स केलेला. प्रत्येक वाक्यात मूड. "मूड पायात नसतो मेघना, कॅमेऱ्यात असतो." बरं बाबा!

कॅमेरा जमिनीवर ठेवला, दिपेश एकदम उंचापुरा झाला. नुसता उभा होता, नाक खाजवत! मग धूर सोडला, मागून एकच लाइट मारला – आणि तेच नाक खाजवणं चिंतन वाटायला लागलं. कमाल आहे.

माझी किक म्हणे फार फास्ट, लोकांना कळणारच नाही. स्लो केली. मॉनिटरवर बघितलं तर रागाचं दुःख झालेलं. मारणाऱ्यालाच मारायचं नाहीये, असं वाटत होतं. मला खरंच भरून आलं, माझ्याच लाथेला बघून! इथे मात्र केदारला मानलं.

१० सप्टेंबर

पाय सुजलाय. हिरोचा नाही.

१७ सप्टेंबर

लेडी व्हिलन पळाली, तिला सीरियल मिळाली. केदार माझ्याकडे टक लावून बघायला लागला. "चेहरा समोरून हवा होता ना तुला? मग व्हिलन तूच कर."

"आणि हिरोची किक?"

"तीही तूच. मध्ये कट मारू."

सकाळी टोपी घालून मी मारलं. मग जेवले. दुपारी लिपस्टिक लावून मी मार खाल्ला. एवढी वर्षं शिकवतेय, समोर आपणच उभे ही वेळ पहिल्यांदा आली! सवयीने माझा हात अडवायला वर जायचा आणि केदार ओरडायचा, "खा गं! मार खा!" दिपेश खुर्चीत बसून टाळ्या पिटत होता. "मॅडम, काय भारी मारतो मी!"

२५ सप्टेंबर

डोंबिवलीला केदारच्या बेडरूममध्ये आवाजाचं काम. खिडकीला गोधड्या लावलेल्या. बुक्की म्हणजे सोफ्यावर आपटलेला ओला टॉवेल. हाड मोडायचं तर मुळा मोडायचा. शेवटच्या किकच्या आधी केदारने सगळे आवाज काढून टाकले – पाऊल नाही, श्वास नाही. त्या शांततेत मला धडकी भरली. अरे, मारणारी मी, मार खाणारी मी, आणि घाबरतेय पण मीच!

दारातून त्याच्या आई, सुमतीकाकू – "मुळे सगळे मोडू नका हं, मला कोशिंबीर करायची आहे."

११ ऑक्टोबर

कल्याणला पहिला शो. थिएटरबाहेर बॅनर तर केवढा! चेहरा दिपेशचा, हवेतले पाय माझे.

क्लासची पोरं आलेली, आया आलेल्या. माझा चेहरा आला. हिरवा लाइट, कॅमेरा तिरका – मलाच मी नालायक वाटले! मग दिपेशचे डोळे, शांतता, पाय, टॉवेल – आणि मी गोदामातल्या ड्रमांवर जाऊन आपटले. हॉलभर शिट्ट्या. आई दात-ओठ खात म्हणाली, "केवढं मारलं गं मेल्याने तुला!"

"आई, तो पाय माझाच आहे."

"गप. डोळ्यांनी बघितलं ना मी."

१५ ऑक्टोबर

उरलेल्यांतली मोठी पोरं पण गळाली, आठ-दहा छोटी तेवढी राहिली. तुळसाताई, ज्यांची मुलगी माझ्याकडे ग्रीन बेल्टपर्यंत आली, दारातच म्हणाल्या, "राग मानू नका मॅडम, पण पोरीला आता पिक्चरमधल्या त्या दादाकडेच शिकायचंय." मी सांगितलं, अहो, त्या सगळ्या किक मी मारल्यात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं होतं हो. हरलं की वाटतं असं माणसाला."

धम्मपाल काका झुंबासाठी आरसे कुठे लावायचे ते बघून गेले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. घरी येऊन रडले, चांगली हुंदके देऊन.

१९ ऑक्टोबर

क्लासला एक नवीन ॲडमिशन. दिपेश! कोरा पांढरा ड्रेस, घड्या पण मोडलेल्या नाहीत. दारात आयांची ही गर्दी, मोबाईल वर धरून. तुळसाताई सगळ्यात पुढे, मुलीचा हात धरून. त्यांना वाटलं, शिकवायला आलाय.

तो आला तो सरळ माझ्यासमोर. "मॅडम, काल पोरांनी घेरलं, किक मारून दाखव म्हणाले. मारायला गेलो आणि पडलो. मला शिकवा ना ती. तुमचीच आहे."

सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "आधी वाक." वाकला. शेवटच्या रांगेत, छोट्या पोरांच्या मागे जाऊन उभा राहिला.

तुळसाताईंनी मुलीच्या चपला काढल्या आणि तिला आत ढकललं.