सुरईचं झाड बदललंय

३ मार्च
हे माझं झाड नाहीच! दवाखान्यातून आल्या आल्या आधी गच्चीवर गेले. "जिना चढू नकोस," हे म्हणाले—पण मी कधी कुणाचं ऐकलंय! काचघरात ऑर्किड, नेचे, सगळं जागच्या जागी. पण मधली घटपर्णी, माझं सुरईचं झाड! ताईच्या हातचं कलम. ताई गेल्यावर तिचं म्हणून एवढंच उरलंय माझ्याकडे. त्या झाडाच्या पानांच्या टोकाला लोंबणाऱ्या सुरया अशा लालभडक नव्हत्या. कुंडीही नवी.

"कुंडी फुटली गं. झाड तेच," इति नवरोबा. आणि नजर चुकवली. मी पाहिलं ना!

४ मार्च
जाऊबाई भेटायला आल्या. दारातच—"काय गं, सुरई कशी आहे तुझी?" मी मरता मरता वाचले, ते राहिलं बाजूला! किती वर्षं फांदी मागतायत. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ मार्च
लेकीला फोनवर सांगितलं. "आई, पोलिसांत तक्रार दे आता," म्हणाली. वर खिदळली कार्टी.

९ मार्च
मी आंघोळीला गेले की हे गच्चीवर. रोज! खाली येतात तेव्हा पायजम्याचे पाय ओले.

"काय करत होतात?"

"कुठे काय, वारा खात होतो."

चहाआधी वारा खाणारा माणूस नव्हे हा. आणि आरओच्या पाण्याचा कॅन भराभर संपतोय. नळाचं पाणी या झाडाला सोसत नाही, म्हणून तो कॅन. पण मी अजून घालायला लागलेच नाहीये!

१४ मार्च
तुरा आलाय. आता बघतेच.

२१ मार्च
पकडलं! तुऱ्यावर पिवळी पूड. नर! हे झाड जन्मभर एकतर नर, नाहीतर मादी. ताईचं मादी होतं. पहिल्यांदा फुललं तेव्हा 'मुलगी झाली गं' म्हणून दोघी किती हसलो होतो.

जाऊबाईंना फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. "एका झाडापायी मला चोर ठरवलंस?" त्यांनी फोन आपटला. हे शेजारीच, चेहरा पांढराफटक. म्हणजे हेही सामील! खूप रडले. ताई आज पुन्हा गेली.

२२ मार्च
नळ सोडून ठेवला, आंघोळीचं सोंग केलं आणि हळूच वर गेले. हे काचघरात नव्हतेच. टाकीमागे उकिडवे बसलेले. पुढ्यात ताईची कुंडी, तीच, काठाचा टवका उडालेली. आत नुसती वाळकी काडी. हे चमच्याचमच्याने पाणी घालत होते. मी शिकवलं होतं तस्सं, बुंध्यावर न सांडता.

"फूट ना गं आता. तिला कळायच्या आत फूट."

मी दवाखान्यात असताना हा माणूस माझ्या उशापासून हलला नव्हता. इथे पाणी घालणार कोण होतं? मला कसं नाही सुचलं हे!

आल्या पावली खाली आले.

२३ मार्च
सकाळी आधी जाऊबाईंची माफी मागितली. मग आंघोळीला गेले. मुद्दाम जास्त वेळ लावला.