पदरात बांधलेली भाकर

आज परभणीहून आले: माझ्या शवपेटीसाठी सागवानी फळ्या, सव्वासात रुपये हाली (निजामी शिक्क्याचे), पांढरा मांजरपाट सहा वार, दीड रुपया, हा जाड कागद, एक आणा. सर्व चुकते केले. माझ्या मातीचा बोजा कोणावर नाही.

मी शालूबाई भ्रतार कै. ग्यानबा कंपाउंडर, वय ५२, जात ख्रिस्ती, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार हिंगोली. पोटातली गाठ वाढली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने व माझ्या हाताने लिहून ठेवते.

१. दोन खोल्यांचे घर इथल्या ख्रिस्ती मंडळीला. दवाखान्यासाठी खेड्यांतून येणाऱ्यांनी तिथे उतरावे. जात विचारू नये.

२. शिवणयंत्र मुलींच्या शाळेला. तिथल्या शिवणबाईंनी मागे उसने नेऊन, जोर लावून ते दोनदा बिघडवले. त्यांच्या हाती देऊ नये.

३. आईची पुतळ्यांची माळ डोंगरकड्याला माझा भाऊ तातेराव याची बायको द्वारकाबाई हिच्याकडे आहे. माळेवरचा माझा अर्धा हक्क सोडला.

४. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. मी बाप्तिस्मा घेतला म्हणून आईच्या शेवटच्या दुखण्यात द्वारकाबाईने मला उंबरा ओलांडू दिला नाही. ओंजळीत वरून पाणी ओतले. आत आई हाका मारत होती. ती तशीच गेली.

पुढच्या वर्षी द्वारकाबाई माझ्या दारी आली. कडेवर तीन वर्षांची चंदा, डोळा सुजून लाल. "वन्सं, लेकराला लई तकलीफ हाय, थेंब घाला."

मालक सेनगावला गेले होते, औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मी म्हणाले, "मी जिथं हुबी होते, तिथंच हुबी ऱ्हा."

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभी ठेवली. मग थेंब घातले. डोळा गेला. आधी घातले असते तर वाचला असता की नाही, देव जाणे.

पाळकांना मी नऊ वर्षे सांगत आले की मला भावजयीला क्षमा करता येत नाही. ते खोटे होते. क्षमा मला मागायची होती. प्रभुभोजनात सगळ्यांसमोर भाकरीचा तुकडा घेते, पण समेट न करता तो खाणे पाप, म्हणून खात नाही, पदरात बांधते. घरी आणून जाईच्या मुळाशी पुरते. शेजारच्या शकुबाईने एकदा पाहिले. "बाई, ते काय बांधून राहिल्या?" म्हटले, "खोकला येतो." प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की नुसते ओठ हलवते. नऊ वर्षांत माझी एकही उपासना खरी नाही.

५. सोन्याच्या दोन पाटल्या चंदाला. ही डोळ्याची किंमत नव्हे. तिने विहिरीत फेकल्या तरी माझी तक्रार नाही.

६. समेटाआधी मेले तर पाळकांनी माझ्या पेटीपाशी मला विश्वासू म्हणू नये. हे कलम वाचून दाखवावे.

साक्षीदार: १. संतराम, पाळक. २. शकुबाई, शेजारीण (अंगठा).
सही: शालूबाई
हिंगोली, ता. ८ फेब्रुवारी १९४१

ता.क. या कागदाची नक्कल डोंगरकड्याला धाडते. तातेराव, द्वारकाला सगळे वाचून दाखव, चौथे कलम गाळू नको. द्वारका, मी एप्रिलातल्या ईस्टरपर्यंत जगेन असेही डॉक्टर बोलत नाहीत. दोन मार्चला प्रभुभोजन आहे. त्याआधी गाडी करून येते, तुझे आणि चंदाचे पाय धरायचे आहेत. शिव्या दे, पण ये म्हण. जबाबी कार्ड सोबत आहे. येऊ की नको, उलट टपाली कळव.