दोघींत एक जोड

२ सप्टेंबर १९१५
गोबनेट मावशी येतेय! बॉस्टनहून, वीस वर्षांनी! आणि परत जाताना मला घेऊन जाणार!! आई एवढंच म्हणाली, "येऊ दे. आधी माझे बूट मागते."

३ सप्टेंबर
बुटांचं पुराण पुन्हा ऐकलं. दोघी बहिणींत एकच जोड, आणि मावशी तोच घालून अमेरिकेला गेली. आदल्या रात्री गावानं रिवाजाप्रमाणे जिवंतपणीच तिचं मयत मांडलं – रडणं, नाच, दारू. अमेरिकेला गेलेला थोडाच परत येतो! सगळ्यांनी गळे काढले. आई मात्र रुसून डुकराच्या खोपटात जाऊन बसली. टिपूससुद्धा काढलं नाही म्हणे. अजून तोरा आहे!
मावशीनं कळवलंय, जुने बूट आणते, वर नवेही आणते. आई म्हणाली, "जुने दे म्हणावं."

६ सप्टेंबर
भिंतींना चुना. डुकराला आंघोळ! बाबा म्हणतात, "लग्नात मलाही एवढं घासलं नव्हतं."

११ सप्टेंबर
जर्मन पाणबुडीनं बोट बुडवली. मावशीची.
बांगडे पकडायची जाळी तशीच टाकून बाबा आणि सगळे होड्या घेऊन शोधायला गेलेत. शेजारची पेग म्हातारी रडायला आली, तर आईनं दारातूनच हाकललं – "तिचं रडून झालंय! एका माणसाला किती वेळा पुरणार?" आणि चांगल्या भिंतीला पुन्हा चुना लावत बसली. मला फार भीती वाटतेय.

१२ सप्टेंबर
आली! आली!! बाबांच्या होडीतून, घोंगडीत गुंडाळलेली, अनवाणी. धक्क्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी – "माझे बूट कुठायत?"
मावशीचे दात वाजत होते. "बुडाले. दोन्ही जोड."
आणि आईनं असा हंबरडा फोडला की पेग म्हातारीही मागे सरली.
"अगं बाई, जिवंत आहे मी!"
"तू गप्प बस! मला रडू दे."
वीस वर्षांपूर्वीचं सगळं राहिलेलं रडली.

२० सप्टेंबर
पुढच्या महिन्यात निघायचं, मावशी म्हणते. ती भीत नाही. मीही नाही!
पण माझे बूट सापडेनात. आईला विचारलं. कणीक मळताना मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत?"

२१ सप्टेंबर
सापडले. डुकराच्या खोपटात, गवताखाली. तिथेच राहू दिले.