विसरलेलं प्रस्थान

३१ मार्च २०२५, गेंट, बेल्जियम

पोचले एकदाची! मेडशीची विजयमाला बेल्जियममध्ये, आहे की नाही गंमत? शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यावर आम्ही वाशीम जिल्ह्यातले बाराजण, दौरा नेणारे जगदेव साहेब धरून. बाई मी एकटीच, म्हणून खोलीही एकटीला. हॉटेल साधंच, जुन्या शहराच्या मधोमध. जिना इतका उभा की माळ्यावर चढल्यासारखं वाटतं, आणि लिफ्टचं नावच नाही. पण खिडकी उघडली की खाली दगडी गल्ली, समोर कालवा, चर्चच्या घंटा. म्हाताऱ्या मालकीणबाईंनी जड पितळी किल्ली दिली आणि माझी बॅग उचलायला आल्या. मी उचलू दिली नाही. नाश्त्याला पाव, चीज, उकडलेलं अंडं. ठेचा मी आणलाय.

आमच्या नरेंद्ररावांनी कालच्या गुढीचा फोटो पाठवला. गुढीला साडी अगदी माझ्यासारख्या बारीक चुण्या घालून नेसवलेली. यांना रुमालाची घडी जमत नाही. कोणी नेसवली विचारलं, तर लिहितात, 'तूच त.' चेष्टा सुचते! मी मुळातच जळकी आहे, हे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ते विसरतात.

१ एप्रिल

काचेच्या शेडमधले टोमॅटो पाहिले. परत येऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. आमची लेक निकिता अंगणात खेळत होती, मागे खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या कुरडया घालणार नाहीत. विचारणार तेवढ्यात एक हात आला आणि पदरानं निकिताचं तोंड पुसून गेला. हातभर हिरव्या बांगड्या. मग कॉल बंद.

जेवण गेलं नाही. शेजारची रूपालीच असणार. माझं स्वयंपाकघर किती मोठं, असं ती उगाच नाही म्हणत. भवानी!

२ एप्रिल

नाश्त्याच्या टेबलावर अकराच ताटल्या होत्या. चुकल्या असतील. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले आणि रूपालीला झाडायला फोन केला. ती गांगरलीच. म्हणाली, "वहिनी, असं काहून इचारून राह्यल्या? पाडव्याच्या सकाळी तुमीच त आल्त्या गाठोडं न्याले. माह्याकडून कुंकू लावून घेतलं."

गाठोडं. मी साफ विसरले होते.

निघायच्या दिवशी शनिवार आणि अमावस्या. म्हणून सासूबाईंनी दोन दिवस आधी, चांगला दिवस पाहून, माझं प्रस्थान ठेवलं. माझी मोरपंखी साडी, सुपारी, हळकुंड, सगळं बांधून रूपालीच्या घरी. म्हणजे मी त्याच दिवशी घराबाहेर पडले असं धरायचं. निघताना ते गाठोडं सोबत न्यायचं असतं. मी गाडीच्या घाईत तशीच निघाले.

मग ते कोण घेऊन गेलं?

३ एप्रिल

बस मला सोडून गेली. साहेबांनी माणसं मोजली. अकरा झाली, तरी 'बरोबर' म्हणाले. मी पायरीवर उभी राहून ओरडत होते.

मालकीणबाई खोलीत आल्या, मी पलंगावर बसलेली असताना माझ्या अंगावरून चादर ओढून काढली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

फोन यांनी उचलला. शेजारी ती बसली होती. मोरपंखी साडीत. मीच. काहीतरी पुटपुटली आणि हे हसले— असे हसताना मी यांना कित्येक वर्षांत पाहिलं नाही. भीती नंतर वाटली. आधी अंगाचा नुसता जळफळाट झाला.

"कोन हाय? काईच आयकू नाई येत," म्हणाले. कट.

४ एप्रिल

किल्ली उचलवत नाही. पेन अजून उचलवतं.

निकितानं फोन घेतला. मी रडले. तिला ऐकू आलं! आत हाक मारून म्हणाली, "आई, हे बाई रडून राह्यली."

ती आली. थेट माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "वापस नोको येऊ. पोरीले दोन आया कायले पायजे?"

मी निकिताला विचारलं, खरी आई कोण, सांग. तिनं नीट पाहिलं. ओळखलं मला— शपथ घेऊन सांगते, ओळखलं. आणि त्या दुसरीच्या मांडीवर सरकली.

"हे चांगली हाय," म्हणाली. "हे कुठंच जात नाई."

दुपार

जिन्यात पावलं. नवे पाहुणे. बाईनं पिशवी ठेवली, लेकीला पलंगावर बसवलं, सामान आणायला खाली गेली. पोर निकिताएवढीच. मान वर करून बघतेय— माझ्याकडेच—

आईला शोधतेय. मी म्हटलं, ये बेटा. मी कुठंच जात ना—