पाच खाकी पाकिटं

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
२८ ऑगस्ट २०२०

ती. विजयावन्संच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी पहाटे पाचला नळ आला तेव्हापासून मी कामाला लागले होते. दोन पिंपं भरली, पडदे भिजवले, महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेने घासले, व्हरांडा धुतला. मग खिळ्याला टांगलेली ती पाच खाकी पाकिटं तेवढी राहिली. यशश्रीने त्यांवर एक ते पाच आकडे घातले आहेत. तिच्या इस्पितळात प्रत्येक नर्सला पाचच चांगले मास्क मिळालेत, जूनपासून तेच चाललेत. आज एक नंबरचा, उद्या दोन नंबरचा. घातलेला मास्क पाकिटात घालून टांगायचा आणि पाळी आली की पुन्हा लावायचा. मला तिने बजावलं होतं की आई, पाकिटांना हात लावू नका. मला वाटलं, सासूला लागण होऊ नये म्हणून सांगते आहे.

तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं की महालक्ष्म्या बसायच्या घरात रोग्यांवरून आलेली फडकी न धुता टांगणं शोभत नाही. माझ्याही मनाला ते टोचतच होतं. यशश्री रात्रपाळी करून झोपली होती. मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, कोमट पाण्यात साबण कालवला आणि पाचही मास्क धुतले. उन्हात वाळवले, ज्याच्या त्याच्या पाकिटात घातले. तिला सांगितलं नाही. मी जीव धोक्यात घातला म्हणून रागावली असती.

बुधवारी ड्युटीवरून आली ती हसतच. सांगू लागली की आज दिवसभर मास्कला साबणाचा वास येत होता, बहुतेक दोरीवरच्या कपड्यांचा लागला असेल. म्हणजे नाक शाबूत आहे, करोना झालेला नाही. राघव हसला, रुचिकाला काही कळलं नाही तरी तीही हसली. सहा वर्षांची झाली, आईची नक्कल हुबेहूब करते. मी पोळी लाटत होते. मीही हसले.

नैवेद्याला पुरण थोडं पातळ झालं, ते तुम्हाला कळवलं नाही तर तुम्हाला चैन पडायचं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून हे सगळं कागदावर. माया आजवर केलीत तशी करत राहा.

आपली,
शरयू

देवास
५ सप्टेंबर २०२०

गं. भा. शरयू हिस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस. माझा भाऊ बळवंता असता तर मी त्याला पेढे पाठवले असते. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून तू शहाणी झालीस, पण स्वच्छता काही पुडीवर छापून येत नाही. नर्स सून करू नका असं मी तेव्हाच म्हटलं होतं. परक्यांचं ओकलेलं-हगलेलं काढणारे हात, त्याच हातांनी आपल्याकडे पानं वाढायची. पण आता आहे ती आहे. दर आठवड्याला मास्क धूत जा. शेवटच्या पाण्यात चमचाभर तुरटी टाक.

माझे कान पुरते गेले. सुनेचं बोलणं ऐकू येत नाही, एवढी एक देवाची कृपा. पुरण पातळ का झालं ते मला ठाऊक आहे; डाळ तू निथळतच नाहीस.

रुचिकाला माझ्यातर्फे एक लाडू. माझा लोभ आहेच, तुला मागावा लागत नाही.

विजया

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
१५ सप्टेंबर २०२०

ती. विजयावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

यशश्री शुक्रवारी गेली.

दोन तारखेला तिचं अंग तापलं. तिने स्वतःला समोरच्या खोलीत कोंडून घेतलं. तिसऱ्या दिवशी रुचिकाने दाराच्या फटीतून साबणाची वडी आत सरकवली आणि आईला सांगितलं की वास घे, म्हणजे कळेल. मग यशश्री म्हणाली की छान वास आहे. राघवला मात्र तिने फोनवर सांगितलं की काहीच येत नाही.

तुमचं तुरटीचं पत्र आलं त्या दिवशी तिला ऑक्सिजन लावला. ज्या वॉर्डात ती सलाइनच्या बाटल्या बदलायची तिथेच तिला खाट मिळाली. देह घरी दिला नाही. राघवला वीस हातांवर उभं केलं आणि निळ्या कपड्यांतल्या दोन माणसांनी उरकलं. मी नेसवायला हिरवं लुगडं पाठवलं होतं, ते तसंच परत आलं. शेजारचे आमच्या फाटकाला काठीने दुधाची पिशवी अडकवतात.

आणखी लिहवत नाही.

शरयू

देवास
२४ सप्टेंबर २०२०

गं. भा. शरयू हिस,
आशीर्वाद.

अविधवा नवमीला गेली. कुंकवासकट गेली. तुझ्या-माझ्या नशिबी ते नव्हतं, तेव्हा फार रडू नकोस. रडून माणूस परत येत असतं तर माझा भाऊ तू केव्हाच आणला असतास.

राघवचं पत्र आलं. तो लिहितो की वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरने, नीलम नावाची कुणी आहे, हलक्या प्रतीचे मास्क वाटले आणि ते कसे वापरायचे हेही सांगितलं नाही. तिला सोडू नका. तक्रार करा, तुझीही सही घाला. सासूची सही असली की वजन येतं.

आणि राघव पस्तिशीचा आहे. पोरगी लहान आहे. वर्षाच्या आत उरकायला हवं. इथे एक मुलगी माझ्या डोळ्यासमोर आहे. नर्स नाही.

जपून राहा. माझ्या लोभात खंड नाही.

विजया

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
२० ऑक्टोबर २०२०

ती. विजयावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तशी सही केली. राघवने कागद पुढे ठेवला, बोटाने जागा दाखवली. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी मी, त्यावर मात्र न वाचता सही केली. नीलमबाईंना वॉर्डातून काढलं आहे. नऊ नोव्हेंबरला चौकशी समिती बसेल. त्यांची नोकरी जाईल असं राघव म्हणतो. त्यांनी त्याला फोन केला होता. वरून आले तेच मास्क वाटले आणि एकेकीला समजावून सांगितलं, अशी शपथ घेत होत्या. राघवने त्यांना फार वाईट बोल लावले. बाकीच्या नर्सा नोकरीच्या भीतीने गप्प आहेत.

काल इस्पितळातून यशश्रीची पिशवी आली. चपला, पेन, केसांचा चाप आणि घडी घातलेला एक हिंदी कागद. खाली नीलमबाईंची सही, तारीख जूनची. लिहिलं आहे की मास्क कागदी पाकिटात टांगून ठेवावा, पण धुऊ नये. साबण लागला की तो दिसायला चांगला दिसतो, पण बारीक कण धरून ठेवायची त्याची ताकद जाते. घरच्यांनाही सांगावं, असंही लिहिलं आहे. तिने सांगितलं होतंच. हात लावू नका म्हणाली होती.

मी तो कागद तीनदा वाचला. मग खिळ्यावरची पाकिटं काढली. मास्क अजून पांढरेशुभ्र आहेत.

वॉर्डातल्या आणखी तिघी आजारी पडल्या होत्या आणि त्यांनी काही धुतलं नव्हतं. म्हणजे यशश्रीला कशाने झालं ते छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही. पण वन्सं, ती साबणाच्या वासाचं बोलली त्याच वेळी मी तोंड उघडलं असतं तर तिने ते पाचही फेकून दिले असते. मी शाबासकी मिळाल्यासारखी हसले.

राघवला सांगावं असं मला वाटतं. तुम्ही मोठ्या आहात. काय करू ते लिहा. मायेला अंतर देऊ नका.

शरयू

देवास
३० ऑक्टोबर २०२०

गं. भा. शरयू हिस,
आशीर्वाद.

तो कागद जाळ. माझी पत्रंही जाळ. मी घर स्वच्छ ठेव एवढंच लिहिलं होतं. साबणात हात तू घातलास.

सांगितलंस तर राघव रुचिकाला उचलून तिच्या आजोळी झाशीला नेईल आणि तुझं तोंड पाहणार नाही. तुझ्या घशात शेवटचं पाणी कोण घालेल, याचा विचार कर. नीलम आपली कोण? तिला दुसरी नोकरी मिळेल. तुला दुसरा मुलगा मिळायचा नाही. आणि खरं बोलून तुझ्या सुनेचं काय भलं होणार आहे? इस्पितळवाले हात झटकतील आणि पोरगीच निष्काळजी होती असं लिहून मोकळे होतील. मेल्यावर तिला तेवढंच नाव मिळायचं राहिलंय.

माझा लोभ हवा असेल तर गप्प राहा.

विजया

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर २०२०

ती. विजयावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची पत्रं जाळली नाहीत आणि कुणाला दाखवलीही नाहीत. तुम्ही लिहिलं होतंत हे खरं, पण हात माझे होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी राघवसमोर पाकिटं आणि तो हिंदी कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने शेवटी एवढंच विचारलं की ती साबणाच्या वासाबद्दल बोलली तेव्हा मला कळलं होतं का. मी हो म्हटलं. तो उठला आणि रुचिकाचे कपडे भरू लागला. दिवाळीचा नवा फ्रॉक तिने स्वतः आणून बॅगेत ठेवला. ती विचारत होती की आजी का येत नाही. दादी नाही, आजीच म्हणते ती मला, यशश्रीने शिकवलेलं. मी सांगितलं की आजीला घरात काम आहे. दिवेलागणीच्या आत ते झाशीला निघाले. जाताना राघवने घराची किल्ली पायरीवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

तुम्ही लिहिलंत तसंच झालं. माणसांच्या बाबतीत तुमचा अंदाज चुकत नाही. त्या रात्री मी एकाच माणसाच्या पोळ्या केल्या. एवढी थोडी कणीक मळायची सवय नव्हती, पाणी जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा पाणी भरलं, देवापुढे दिवा लावला, पाचही पाकिटं आणि नीलमबाईंचा कागद पिशवीत घातला आणि टेम्पोने इस्पितळात गेले. नीलमबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी पदर सावरला आणि मान फिरवली. मी आत जाऊन समितीला सांगितलं की मास्क मी धुतले. बाबूने हिंदीत लिहून सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी चष्मा लावून वाचला. घरी हलगर्जीपणा झाला, एवढंच त्यात होतं. मी म्हटलं, सुनेला ठाऊक नव्हतं, सासूने धुतले, असं लिहा; आणि जूनपासून पाचच मास्क दिले होते हेही लिहा. तो आजचा विषय नाही, असं साहेब म्हणाले. मी खुर्चीवरून उठले नाही. तीन वाजता त्यांनी दुसरा कागद लिहून आणला, त्यात दोन्ही होतं. तो मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.

शरयू